पुकारलेल्या पैशांचा हिशोब

शाळेचे पैसे खाल्ल्याचा आळ माझ्यावर आला, तेव्हा मी रडले नाही. मला राग आला. तो राग मी नीट जपून ठेवला, कारण तो एका माणसापर्यंत पोचवायचा होता.

तो माणूस म्हणजे आमच्या शाळेच्या पालक समितीचा अध्यक्ष. कळंबच्या बाजारात आडत दुकान, आमच्या गावात मान, सगळे शेठ म्हणतात. मी खजिनदार, तीसुद्धा समितीत एक बाई पाहिजे म्हणून. लेक चौथीत, मी घरी ब्लाऊज शिवते, सही बरी येते, एवढ्यावर माझी निवड झाली. पैसे शेठकडं आणि सही माझी, अशी वाटणी होती.

सव्वीस जानेवारीला गॅदरिंग झालं. आमच्याकडं पोरगं नाचायला लागलं की मामा, काका, आजोबा खुशीनं नोट काढतात आणि स्टेजपाशी जाऊन गुरुजींच्या हातात देतात. नोट हातात पडली की गुरुजी चालू गाण्यातच माईकवर पुकारतात, अमक्याकडून शाळेला पाचशे एक. पावती कुणी मागत नाही. सगळ्या गावानं नाव ऐकलं, हीच पावती. नोटा जायच्या शेठच्या मांडीवरच्या कापडी पिशवीत. दुसऱ्या दिवशी शेठनं मला पाकीट पाठवलं. वर त्यांच्याच अक्षरात 'एकूण जमा अकरा हजार'. मी मोजले, बँकेत भरले, वहीत लिहिले, सही केली.

शाळेला पाण्याचं फिल्टर घ्यायचं ठरलं होतं, ते तेवढ्यात येईना. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, एवढे पैसे पुकारले होते, गेले कुठं? शेठनं लगेच लिहिलं, 'हिशोब खजिनदारांकडं आहे. सही त्यांची आहे.' खाली हात जोडलेली खूण.

नेमकी त्याच महिन्यात मी हप्त्यावर नवी शिलाई मशीन घेतली होती. मग काय, बायकांना जोडायला दोनच टाके लागले. ब्लाऊज न्यायला आलेल्या दारातूनच मशीनकडं बघायच्या आणि किंमत विचारायच्या. एकीनं शिवायला टाकलेलं कापड तसंच परत नेलं. पुढं लेकीला वर्गात कुणीतरी 'फिल्टरवाली' म्हणालं. त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नवरा म्हणाला, "जाऊ दे की. आपलं सोयाबीन त्यांच्याच आडतीवर जातंय. मोठ्या माणसाशी वैर लई महागात पडतं."

"तुमचं सोयाबीन दुसऱ्या आडतीवर घाला," मी म्हटलं. "माझं नाव मी कुठं घालू?"

वाट सापडली ती लेकीच्या नाचात. ती माझ्या फोनवर स्वतःचाच नाच परत परत लावायची. एकदा मी हुक-काजं करत बसले होते आणि गाण्याखालून गुरुजींचा आवाज कानावर आला, मामाकडून पाचशे एक. सुई हातातच राहिली. माझ्यासारखंच प्रत्येक आईनं आपापल्या लेकराचा नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत शूट केला होता. म्हणजे अख्खं गॅदरिंग गावातल्या फोनांत पडून होतं.

मी घरोघर गेले. लेकीला मैत्रिणींचे नाच बघायचेत, असं गोड तोंडानं सांगितलं. ज्यांनी माझ्या मशीनची चर्चा गावभर केली, त्यांनीच हौसेनं व्हिडिओ पाठवले. कानात हेडफोन घालून मी एकेक नाव, एकेक रक्कम उतरवली. मग देणाऱ्यांना गाठून विचारलं, रोख दिले होते ना? एक आजोबा चिडलेच. "न देता नाव पुकारून घेईन व्हय म्या?" बेरीज एकोणतीस हजार झाली. मी ती परत केली. खात्री पहिल्याच वेळी पटली होती, पण मला ती बेरीज करायला आवडत होती.

मुख्याध्यापकांना गुपचूप भेटता आलं असतं. पण आळ चारचौघांत आला होता, तो गुपचूप उतरवून घेण्यात मला काडीचं समाधान नव्हतं. मी ऑगस्टची वाट बघत बसले.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली आणि पालक सभा सुरू झाली. शेठ पहिल्या खुर्चीत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. जमाखर्च वाचायला मला बोलावलं. मी फोन साउंड बॉक्सला जोडला आणि पहिला नाच लावला. लोक हसले, आपापल्या लेकराचं गाणं ओळखून माना डोलवायला लागले. गुरुजींचा आवाज आला की मी फळ्यावर नाव आणि रक्कम लिहायची. चार-पाच गाण्यांनंतर हसू थांबलं. शेवटी मी बेरीज मांडली, खाली अकरा हजार लिहिले आणि शेठच्या अक्षरातलं ते पाकीट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"मला आले ते एवढेच," मी म्हणाले. "बाकीचे कुठायत, शेठ?"

शेठ उठले. "वहिनी, दुकानाच्या गल्ल्यात मिसळले असतील. गडबडीत ध्यानात आलं न्हाय." त्यांनी भावाला घरी पिटाळलं. तो येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. मीही बसले नाही.

भावानं पुडकं आणून गुरुजींच्या हातात दिलं. गुरुजींनी सवयीनं माईक तोंडाशी धरला, "शेठ यांच्याकडून शाळेला अठरा हजार रुपये!" दोघं-चौघं टाळ्या वाजवायला लागले. माझं डोकंच फिरलं.

"गुरुजी, ही देणगी न्हाय," मी म्हणाले. "शाळेचेच पैसे शेठनं परत केले, असं पुकारा."

गुरुजी शेठकडं बघत राहिले. मी तिथून हलले नाही. मग त्यांनी तसं पुकारलं. एकही टाळी वाजली नाही.

शेठ माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "वहिनी, झालं की आता. मिटवा." माईक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं.

"झालं न्हाय. मोजायचे राहिलेत."

शेठना तिथंच उभं ठेवून मी पुडकं सोडलं आणि माईकसमोर एकेक नोट मोजायला लागले, मोठ्यानं, सावकाश. निम्म्यापर्यंत आले. शेठच्या कपाळावरून घाम ओघळताना बघितला. मग मी मुद्दाम चुकले आणि पहिल्यापासून परत सुरू केलं.