झाडूसाहेब

झाडू दिसला की साहेबाचे हात शिवशिवायचे. पिंपरीला आमचा कारखाना नुकताच उभा राहत होता. यंत्रं बसवायला आलेला हा सहा फुटी कॅनडावाला सफाई कामगार भिवाचा झाडू हिसकावून फरशीवर घसाघसा मारायचा आणि वर ओरडायचा, "जोरात! जोरात!" मराठीचा तेवढा एकच शब्द त्याला यायचा.

मी त्याचा दुभाषा. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. हेडक्लार्क अण्णांनी त्याला दिवाळीच्या फराळाला बोलावलं, कारण साहेबाला जात नसते असा आमच्याकडे सोयीस्कर समज होता. कुणाच्या घरचं हे त्याला पहिलंच बोलावणं. स्वारी हरखली. बोलावता बोलावता, कचेरीतच चहा घेताना, अण्णांनी रीतीप्रमाणे घराण्याची चौकशी केली. तो छाती फुगवून बोलत गेला आणि मी मराठी करत गेलो, "आजोबा झाडू मारायचे, वडील मारतात, तिघं भाऊ मारतात. त्यात हे सगळ्या देशात पहिले आले."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. "बापजादे झाडूवाले! आमच्या पाटावर बसवू काय?" फराळ टाळायला ऐन दिवाळीत त्यांच्या घरी सुतक पडलं आणि तो निरोप मीच साहेबाला दिला.

भिवाला मात्र हे ऐकून आनंद मावेना. "सायबाला सांगा, तुमी तर आमच्यातलंच निघाला की! कासारवाडीला घरी या." साहेब गेला, पाय पसरून बसला आणि करंज्यांचा फडशा पाडला. मग त्यानं भिवाच्या जात्याचा वरचा दगड खुंट्यासकट उचलून आणला आणि कारखान्याच्या ओल्या, गुळगुळीत फरशीवर सरकवला. भिवा त्याच्यापुढे झाडू मारत धावला. "आमच्याकडे बर्फावर असाच दगड सरकवतात," साहेब म्हणाला. "पुढे झाडू मारला की तो लांब जातो. हा आमचा खेळ!"

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला: साहेबाचे बापजादे झाडूवाले नव्हते, खेळाडू होते. अण्णांना सांगायला हवं होतं. पण माझं इंग्रजी उघडं पडलं असतं, म्हणून गप्प बसलो. साहेब अधूनमधून विचारायचा, "अण्णांचं सुतक फिटलं का?" त्याची आठवण आली की माझी मलाच लाज वाटते.

त्याच्या जाण्याच्या आदल्या दिवशी मी सगळं कबूल केलं, सुतक खोटं होतं हेसुद्धा. तो हसला नाही. तेवढ्यात अण्णाच मुलाला घेऊन आले. मुलाला कॅनडात शिकायला जायचं होतं, शिफारसपत्र हवं होतं. साहेबानं ते लिहिलं आणि मला वाचायला दिलं. या वेळी मी एकही शब्द चुकवला नाही, "मुलगा हुशार दिसतो. आमच्या संघात घेऊ. मात्र सुरुवात झाडू मारण्यापासून करावी लागेल."

अण्णांनी मुलाला पुढे ढकललं. म्हणाले, "बघतोस काय? पाया पड साहेबांच्या."