मंगळवारचा चहा

बाबा एसटीत कंडक्टर होते. डेपो अकोल्याचा. बाळापूर, अंजनगाव, परतवाडा अशा फेऱ्या करून संध्याकाळी डेपोत भरणा करायचा, ही त्यांची तीस वर्षांची सवय. भरणा म्हणजे दिवसभराच्या तिकिटांचे पैसे मोजून खिडकीवर देणं. कमी भरले तर पदरचे घालायचे. जास्त निघाले तर तेही द्यायचे, कारण जास्तीचा रुपया खिशात सापडला की ती चोरी. हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे झालं ते त्यांच्या या सवयीमुळे सोपं गेलं. मला सोपं गेलं.

आई गेल्यावर मी त्यांना अमरावतीला माझ्याकडे आणलं. माझा नवरा त्याच्या आधीच वारला होता. एक मुलगी, ती शिकत होती. घर अमरावतीला आणि माझी नोकरी अकोल्याला, म्हणून रोज बडनेऱ्याहून गाडीने अप-डाउन. मी दिवसभर नसायची, मुलगी कॉलेजात. बाबा एकटे पडतील याची मला काळजी होती, पण महिनाभरात त्यांनी स्वतःच आपली सोय लावली.

घरापासून दोन गल्ल्या सोडून कडुनिंबाखाली एक चहाची टपरी आहे. तिथे सकाळी दहाला म्हातारे जमायचे. एक शिंपी, एक निवृत्त मास्तर, एक फुलवाले ज्यांचा धंदा आता मुलगा बघतो, आणि असेच आणखी. बाबांना धरून सात. त्यांचा नियम असा की प्रत्येकाचा एक वार. ज्याचा वार, त्याने त्या दिवशी सातही जणांचा चहा पाजायचा. आधीचा मंगळवारवाला मुलाकडे पुण्याला गेला होता, ती जागा बाबांना मिळाली.

"मंगळवार भेटला मले," ते घरी येऊन म्हणाले. नवीन रूटवर ड्युटी लागल्यासारखे.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. पेन्शन त्यांच्याच हातात असायची. कंडक्टरची पेन्शन ती केवढी, पण मंगळवारपुरती होती. मग मुलीला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी, होस्टेल, मेस. एका रविवारी मी कागद घेऊन बसले आणि घराचा महिना आखला. कोणापुढे हात पसरायचा नाही, हे नवरा गेला तेव्हाच ठरवलं होतं. पेन्शनही त्यात धरावी लागली. बाबांनी पासबुक आणि कार्ड आपणहून समोर ठेवलं.

"तुह्या हातात बरं. माह्या हातून खर्च होते."

कागदाच्या शेवटी मी एक रकाना केला होता, 'जिवाचे'. अगदीच आवळून बांधलं की गाठ सुटते, हे मला अनुभवाने माहीत होतं. म्हणून प्रत्येकाला थोडी मोकळीक. मुलीला महिन्यातून एकदा मैत्रिणींबरोबर बाहेर जेवण, आणि घरी आली की दह्यातला गिला वडा. बाबांना रोजचा एक चहा, दहा रुपये. माझ्या नावापुढे मी शून्य लिहिलं.

"आई, तुला काहीच नको?" मुलीने विचारलं.

"मला कशाला?"

"हिले काहीच नाई लागत," बाबा म्हणाले. "हिची माय बी अशीच होती."

ते वाक्य मला फार आवडलं. कितीतरी दिवस गाडीत खिडकीशी बसून मी ते मनात फिरवत असे.

कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. रोज सकाळी निघताना मी फ्रिजवर दहाचं नाणं ठेवायची. आता गंमत अशी, की सातातले सहा दिवस चहा दुसऱ्याच्या वाराचा. बाबांचे दहा रुपये खर्चच होत नसत. संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत ते नाणं माझ्या हातावर ठेवायचे.

"घे भरणा. आज शिंप्याचा वार होता."

मी घ्यायची. पहिल्या आठवड्यात ती नाणी परत घरखर्चाच्या डब्यात टाकली. दुसऱ्या आठवड्यात पर्सच्या बाजूच्या कप्प्यात टाकली. का, ते मला तेव्हाही माहीत होतं.

आमच्या ऑफिसात आम्ही चौघी बायका. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या हॉटेलातून गरम कचोऱ्या यायच्या, तळलेली मिरची आणि चहा. प्रत्येकीचा एक शुक्रवार. फी सुरू झाल्यापासून मी पित्ताचं कारण सांगून बाजूला झाले होते. त्या तिघी मागच्या जिन्यावर बसून हसायच्या आणि मी टेबलाशी फाइल उघडून बसायची. कचोरीचा वास आत यायचा. कप्प्यात नाणी साठली तशी मी एका शुक्रवारी जिन्यावर जाऊन बसले.

"आलं बाई पित्त ताळ्यावर!" एक म्हणाली.

"पित्त नव्हतं, कंजूसपणा होता," दुसरी म्हणाली. आणि मी सगळ्यांत जास्त हसले.

माझा शुक्रवार आला तेव्हा चौघींचे पैसे मी दिले. नाणी मोजून देताना हॉटेलवाला म्हणाला, "ताई, देवळाची पेटी फोडली का?" त्यानंतर मी नाण्यांच्या नोटा करून घेऊ लागले. उरलेल्यात कधी मोगऱ्याचा गजरा, कधी गुडघे दुखले की बडनेऱ्याहून सिटीबसऐवजी ऑटो. गजरा घराच्या कोपऱ्यावर केसातून काढून पर्समध्ये ठेवायची.

पहिले काही मंगळवार बाबांनी जुन्या, जपून ठेवलेल्या नोटांतून काढले. त्या संपल्यावर एका रविवारी मी मेथी निवडत असताना ते समोर येऊन बसले. दोन-चार काड्या त्यांनीही निवडल्या.

"एक सांगू काय? मंगळवारी एकदम सत्तर देत जाशीन काय? बाकीच्या दिवशी काहीच देऊ नको."

"सत्तर कशाला?"

"माहा वार असते नं. सात चहा."

"बाबा, आपण लोकांना चहा पाजायच्या परिस्थितीत आहोत का? तुमच्या एका चहाचे मी रोज देते की नाही?"

"देते. देते नं बाप्पा."

"मग?"

"नाई, बरोबर हाय तुहं."

ते मेथीची जुडी माझ्याकडे सरकवून उठले.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. लोकांना सांगताना मी म्हणत आले की बिचाऱ्या बाबांनी कधी काही मागितलंच नाही. त्यांनी मागितलं होतं. तेही माझ्याच कागदात बसेल असं मागितलं होतं. रोजचे दहा म्हणजे आठवड्याचे सत्तर, एक रुपया जास्त नाही. फरक एवढाच की मंगळवारी सत्तर दिले असते, तर भरणा आला नसता. मेथी हातात असतानाच हे गणित माझ्या डोक्यात पूर्ण झालं होतं. आणि वार म्हणजे काय, तो चुकला की माणसाला काय वाटतं, हे मला कळत नव्हतं असंही म्हणता येत नाही. माझा स्वतःचा शुक्रवार होता.

त्या मंगळवारी काय झालं ते मला पुष्कळ नंतर कळलं. बाबा टपरीवर गेले, खिसे चाचपले आणि पाकीट घरी राहिलं म्हणाले. मंडळींनी थट्टा केली. "कंडक्टर, आज फुकट प्रवास काय?" "इस्टेट पोरीच्या नावानं करून देल्ली वाटते!" थट्टाच होती ती. चहा मास्तरांनी पाजला. पुढच्या मंगळवारी बाबा गेले नाहीत. बुधवारी गेले, पण बाकावर बसले नाहीत. पाण्याच्या ड्रमपाशी उभे राहून एकटेच एक चहा प्यायले, दहाचं नाणं ठेवलं आणि निघाले. असे चार-पाच दिवस. सहा जण बाकावर, आणि हा माणूस ड्रमपाशी उभा, स्वतःच्या पैशाने.

मला एवढंच दिसलं की नाणी परत येईनात. आणि मी विचारलं.

"बाबा, या आठवड्यात भरणा नाही?"

त्यांनी मांडीवरचा पेपर दुमडला. मग म्हणाले, "आता चहा सोसत नाई मले. जळजळते. नको ठेवत जाऊ पैसे."

मी फ्रिजवर नाणं ठेवणं बंद केलं. पण कपाटाच्या दारावरच्या कागदात 'बाबा, चहा' ही ओळ मी खोडली नाही. दर आठवड्याला त्या ओळीचे सत्तर रुपये मी काढत राहिले. आता तर पूर्ण सत्तर.

बाबा दिवसभर समोरच्या खोलीत खुर्चीवर बसायचे. पेपर मांडीवर, बहुतेक वेळा तेच पान. मी आले की पूर्वी टपरीवरची एखादी खबर असायची, शिंप्याने मास्तरांची विजार कशी आखूड केली वगैरे. आता विचारलं तर "काई नाई" म्हणायचे.

एका रविवारी शिंपीकाका दारात आले.

"कंडक्टर हाय काय घरी?"

"आहेत. पडलेत जरा."

"बरेच दिस झाले, येऊन नाई राहिला."

"त्यांना चहा सोसत नाही आता."

"चहा नको घेऊ म्हणा. बसाले त ये म्हणा."

"सांगते," मी म्हटलं आणि दार लावलं. त्यांना आत या म्हटलं नाही. बाबा आतल्या खोलीत जागेच होते. मी गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "आयकलं मी."

मला वाटलं होतं, जातील. मी वाटही पाहिली, खरंच पाहिली. पण उठून पाकिटातून सत्तर रुपये काढून त्यांच्या उशाशी ठेवावे, एवढं माझ्या हातून झालं नाही. ठेवले असते तर इतके दिवस ते कुठे होते, हेही सांगावं लागलं असतं.

थंडीत ते अंथरुणाला खिळले आणि संक्रांतीच्या आत गेले. दवाखान्याने वय सांगितलं, छाती सांगितली. ते खरंच असेल. एका चहावाचून माणूस मरत नाही, हे मला कळतं. पण त्यांचे शेवटचे महिने कसे गेले, हेही मलाच माहीत आहे. त्यांना नेताना खांदा द्यायला टपरीवरचे सहाही जण आले होते. मास्तरांना धड चालवत नव्हतं, तरी आले.

तेरवी झाली. मुलगी नागपूरला परत गेली. एका मंगळवारी रजा टाकून मी टपरीवर गेले. मुठीत सत्तर रुपये होते. सहाही जण बाकावर होते. मी उभ्यानेच सांगितलं, की बाबांकडे पैसे नव्हते ते माझ्यामुळे. मी दिले नाहीत म्हणून. कचोरीचंही सांगितलं. 

 मग शिंपीकाका म्हणाले, "कंडक्टरजवळ पैसे नाईत हे आमाले मालूम होतं, बाई. आमी मंगळवार वाटूनही घेतला होता आपसात. त्याले सांगाले तुमच्या घरी आलो होतो मी."

मी सत्तर रुपये पुढे केले. "आज त्यांच्या नावाने माझ्याकडून."

"ठेवा ते." त्यांनी माझा हात मागे सारला. आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "त्याचा वार होता. तो गेला. आता मंगळवारी इथं कोणी कोणाले पाजत नाई. ज्याचा तो पिते." आणि थोडं सरकून बाकावर जागा केली. "बसा."

शुक्रवारची कचोरी मी सोडलेली नाही. सोडून दाखवणं म्हणजे पुन्हा नावापुढे शून्य लिहिणं झालं असतं. कागद मात्र बदलला. माझ्या नावापुढे मी कचोरी लिहिली, गजरा लिहिला, रकमेसकट. मुलगी सुट्टीत येईल, कपाट उघडेल आणि विचारेल. तेव्हा तिलाही सांगायचं आहे. कसं, ते अजून जुळत नाही, म्हणून आधी इथे लिहून काढते आहे.

त्या दिवशी टपरीवर मी बाबांच्या जागेवर बसून चहा घेतला. आलं जास्त घातलेला, गोड. सहा जण एकेक करून उठले, प्रत्येकाने आपापले पैसे ठेवले. शेवटी मी उठले. टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं.

"दहा," तो म्हणाला.

मी दिले. एक माणूस, एक चहा, दहा रुपये. मी आखलं होतं तसं.