भूतबाईचं दुसरं कडवं

मरणाने माणूस सुटतो म्हणतात. हिला मात्र मरणाने कायमची नोकरी लागली.

मालिकेचं नाव ‘सासूबाई परत आल्या’. तिसऱ्याच भागात सासू जिन्यावरून पडून मेली, चौथ्या भागात भूत होऊन आली, त्याला झाली सहा वर्षं. तेव्हापासून ही बाई कमरेला पट्टा बांधून, तोंडाला पांढरं फासून, तारेला लोंबकळत सुनेच्या डोक्यावर घिरट्या घालतेय. वय चाळिशीच्या अलीकडचंच, पण गल्लीतलं शेंबडं पोरही तिला भूतबाई म्हणतं. भाजीवाली तिला बघून खोटं खोटं किंचाळते, आणि वर शिळी भेंडीच गळ्यात मारते. घरात खरीखुरी सासू होती, ती या प्रकारावर जाम चिडलेली. "मी इथे धडधाकट बसलेय आणि हिला मेलेली सासू व्हायचे पैसे मिळतात!" असं म्हणत तिने आजवर एकही भाग पाहिला नव्हता.

भूतबाईचा जीव अडकला होता तो भलतीकडेच. विशीत ती ‘धक्क्यावरचा दिवा’ या संगीत नाटकात कोरसमध्ये मागे उभी राहायची. नाटक असं गाजलेलं की न्हावी दाढी करता करता त्यातली गाणी म्हणायचे. शेवटी नायिका हातात दिवा घेऊन बोटीची वाट बघत गाते, ते गाणं हिला झोपेतून उठवलं तरी पाठ. नायिका आजारी पडली तर हिने तिच्या जागी गायचं, असं ठरलेलं. पण ती बाई कसली आजारी पडतेय! तापाने फणफणली तरी रंग लावून हजर. नाटक बंद पडलं, हिचं लग्न झालं, आणि ते गाणं मग न्हाणीघरात, नळ सोडून, चालू राहिलं.

आता तेच नाटक पुन्हा उभं राहत होतं. ते बसवणाऱ्या, सगळे ज्यांना मावशी म्हणत, त्या बाईही त्याच. त्यांचा आपणहून फोन आला. "दिवा तुझ्या हातात द्यावा म्हणते. पण मला अर्धं माणूस नको. मालिकेतून मोकळी हो आणि ये."

अडला हरी! ती लेखकाकडे गेली. मालिका लिहायचाही तोच आणि सेटवर ओरडायचाही तोच.

"मला मारून टाका," ती म्हणाली.

"तुम्ही मेलेल्याच आहात."

"मग मुक्ती द्या. सुनेला माफी मागायला लावा, मी वर जाते. विषय संपला."

"दिली होती की मागे! लोकांनी बोंब मारली, आठवड्याच्या आत खाली आणावं लागलं. मेलेल्याला मारायचं कसं ते सांगा, आत्ता मारतो."

आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं? सुनेची नटी दोनदा बदलली. एक लग्न करून गेली, दुसरी भांडून गेली. भुताचा चेहरा मात्र बदलता येत नाही म्हणे! ती रडकुंडीला आली, तर ह्याचे डोळे चमकले.

"थांबा! ते नाटक सध्या सगळ्यांच्या तोंडी आहे. आपण त्याची टर उडवू. तुम्ही दिवा घेऊन गाताय, खाली सून कुकर घेऊन पळतेय. तुमची हौसही भागेल!"

हौस! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं पोटात जपलेली गोष्ट, आणि हा मेला तिला हौस म्हणतो. पण घरी पोचेपर्यंत तिच्या मनात वेगळंच शिजायला लागलं. मावशी बघतील. टर ह्यांना उडवू दे, आपण खरं गायचं. इतकं खरं की मावशी स्वतः येऊन सोडवून नेतील.

शूटिंगच्या दिवशी तिला तारेवर चढवलं, हातात दिवा दिला. खाली सून कुकर छातीशी धरून थरथरत होती. भूतबाईने डोळे मिटले आणि जीव ओतून गायली. कुठे गंमत केली नाही, तोंड वाकडं केलं नाही. पहिलं कडवं संपता संपता दिवेवाला फिसकन हसला. मग सून हसली. मग सगळा सेट पोट धरून लोळायला लागला.

"अहो, मी खरं गायले!" ती वरून ओरडली.

"म्हणून तर!" लेखक डोळे पुसत म्हणाला.

करायला गेली काय आणि झालं काय! भाग लागला आणि दोन दिवसांत गल्लीभर तेच गाणं. पोरं टॉर्च घेऊन, टाचा उचलून तिच्या मागे गात फिरायला लागली. मग मावशींचा फोन आला.

"गळा सुरेख आहे गं तुझा. मला माहीत नव्हतं एवढा चांगला असेल. पण तू दिवा हातात घेतलास की आता पहिली रांग हसणार. मी दुसरी मुलगी घेतलीये."

तिने फोन ठेवला आणि भांडी अशी आदळली की नवरा पेपर टाकून आत आला. "अगं, नाव तर झालं ना!" तो म्हणाला. असा राग आला तिला! त्याचा, लेखकाचा, त्या कधीच आजारी न पडलेल्या बाईचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. शेजारणीने ओढून नेऊन त्यांना तो भाग दाखवला होता.

"एकच कडवं का गं? पुढे नाही?"

"आहे."

"म्हण मग. नळ सोडू नकोस. एवढी वर्षं मला नळाचंच ऐकू येतंय."

तिने झारा ओट्यावर ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्याच ओळीला नवऱ्याला हसू फुटलं. वाईट नव्हता बिचारा, आवरेना त्याला. मावशी बरोबर बोलल्या होत्या, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ती तशीच गात दुसऱ्या कडव्यावर आली. ते मालिकेत नव्हतं. त्याला अजून कोणी हसलं नव्हतं. नवराही हसला नाही. शेवटपर्यंत कोणीच हललं नाही.

दुसऱ्या दिवशी सेटवर लेखक नाचतच आला. "लोक वेडे झालेत! पुढच्या भागात परत गाणं. या वेळी दुसरं कडवं घेऊ. आहे ना हो त्याला?"

तारवाला तिच्या कमरेचा पट्टा आवळत होता.

"नाही," ती म्हणाली. "एवढंच आहे."

"नक्की?"

"इतके प्रयोग मागे उभी होते मी. मला नाही कळणार?"

खात्री करून घेण्याचे कष्ट त्या माणसाने जन्मात घेतले नव्हते. "बरं, मग पहिलंच परत."

"पहिलं हवं तेवढं घ्या," ती म्हणाली, आणि वर ओढ म्हणून तारवाल्याला खूण केली.