पेन चालू आहे

माझा फाऊंटन पेन मी कुणालाही देत नाही. बँकेत स्लिप भरायला मागा, नाही. मुख्याध्यापकांनी सहीपुरता मागितला तरी नाही. त्यांच्यासाठी पर्समध्ये एक बॉलपेन वेगळा ठेवलेला असतो. लोक मला कंजूष म्हणतात, म्हणोत बापडे. फाऊंटन पेनची निब रोज लिहिणाऱ्या हाताच्या कलाने जराशी झिजते आणि मग त्या हाताचीच होऊन राहते. दुसऱ्याने दोन ओळी दाबून लिहिल्या की ती रुसते, कागद खरवडायला लागते. बॉलपेनचं असं काही नसतं. त्याला ना तोंड ना पाठ, कसाही धरा, मेला लिहितो.

हे वेड मला दहावी पास झाल्यावर लागलं. बाबा कापूस विकायला अमरावतीला गेले होते, येताना माझ्यासाठी एक हिरवा पेन आणि निळ्या शाईची दौत घेऊन आले. वर्गात सगळीकडे जेल पेनची हवा होती आणि मी निळी बोटं मिरवत हिंडायचे. दर रविवारी पेन उघडून कोमट पाण्यात धुवायचा, निबेखालची काळी जीभ जुन्या ब्रशने घासायची, शाई पाझरू नये म्हणून आट्यांना मेण लावायचं. आई म्हणायची, "एवढी सेवा देवाची केली असती त पावला असता तो तुले."

उन्हाळ्यात मात्र या पेनची एक खोड सांभाळावी लागते. आमच्या वऱ्हाडातल्या मे महिन्यात अर्धा भरलेला पेन ओकतो. आतली हवा तापून फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून मे लागला की पेन गळ्यापर्यंत भरायचा, हवेला जागाच ठेवायची नाही.

अशाच एका मेमध्ये मी अकोल्याला डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला होते. परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी मिळाली म्हणून तिवशाजवळच्या आमच्या गावी आले, तर काकांनी माझ्यासाठी पाहुणे ठरवून ठेवले होते. मुलगा परतवाड्याचा, मोटारपंपाच्या दुकानात. त्या वर्षांत आमच्याकडे कपाशीचं काही खरं राहिलं नव्हतं. पेपरात आमच्या भागाचं नाव रोज यायचं आणि चांगल्यासाठी कधीच नाही. पोरीचं लग्न जमेल तेव्हा उरकून टाकावं, असं घरोघरी चाललं होतं.

"वरीस कसं हाये पाहून राहिली ना?" काका म्हणाले. "हे लोकं साध्या लग्नाले तयार हायेत. अशी सोयरिक परत येत नाही, बाई."

मुहूर्त नेमका परीक्षेच्या आठवड्यात निघत होता. परीक्षा काय, पुढच्या वर्षी सासरी राहून देता येईल, असं काकांचं म्हणणं. सासरी राहून शिक्षण पुरं केलेली एखादी मैत्रीण मी आठवून पाहिली. एकही आठवली नाही. मी बाबांकडे बघितलं, तर ते जमिनीकडे बघत होते. काकांच्या बोलण्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.

पाहुणे भर दुपारी आले. कूलर घरघरत होता, पोहे झाले, सरबत झालं. मग मुलाच्या मामांनी खिशातून कागद काढून माझ्यापुढे सरकवला. तेव्हा मुलीला नाव लिहून दाखवायला सांगायची पद्धत होती. हात चालतो का, अक्षर कसं आहे, पोरगी डावखुरी तर नाही ना, सगळं त्यात बघून घ्यायचे. मामांनी कागदाबरोबर आपला बॉलपेनही दिला. तो मी बाजूला ठेवला, आत जाऊन माझा पेन आणला आणि नाव, गाव, शिक्षण असं सगळं लिहून दिलं. खोटं कशाला बोलू, लग्न नको होतं तरी अक्षर मी जीव ओतून काढलं. अक्षरावरून नापास होणं मला जमलंच नसतं.

मामा खूश झाले. कागद सगळ्यांना दाखवला. "हा कोन्या जमान्यातला पेन होय?" म्हणत त्यांनी हात पुढे केला आणि मी नको नको म्हणेपर्यंत पेन माझ्या बोटांतून ओढूनसुद्धा घेतला. त्यांना सही करून बघायची होती. जन्मभर बॉलपेन वापरलेला माणूस. त्यांनी निब उलटी धरली. पेन उमटेना. त्यांनी दाबला. तरी उमटेना. मग बॉलपेन अडला की करतात तसा त्यांनी हात उचलून पेन जोरात झटकला.

गळ्यापर्यंत भरलेला पेन तो. शाईची एक लांब माळ मुलाच्या पांढऱ्या शर्टावरून निघाली, त्याच्या आईच्या लिंबू रंगाच्या साडीवर गेली आणि काकांच्या टकलावर संपली.

"पोरीनं मुद्दाम खराब पेन आनला!" मामा ओरडले.

मला काहीही म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. पण पेनला खराब म्हटलेलं माझ्याच्यानं ऐकवेना. "पेन खराब नाही, मामा," मी म्हटलं. "तुमी उलटा धरला." आणि पेन त्यांच्या हातातून परत घेतला, निब माझ्या वेणीला पुसली, त्याच कागदावर माझ्या नावाखाली सुबक अक्षरात लिहिलं, 'पेन चालू आहे', आणि कागद सगळ्यांना दिसेल असा धरला.

मुलगा खाली मान घालून हसत होता, हे मी पाहिलं. त्याचे मामा मात्र लाल झाले होते. "एवढी जबान चालवनारी पोरगी! माफी माग म्हना तिले, तरच पुढचं बोलू."

काका कपाळावरची शाई पुसत माझ्याजवळ आले. "माग माफी, बाई. एक शब्द बोलली त काय जाते तुह्यं?"

माझं काय जात होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. माफी मागितली असती तर लग्न ठरलं असतं आणि परीक्षा गेली असती. मी पेनला टोपण घट्ट लावलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून बाबांचा आवाज आला. "माफी कायले मागन ते? उलटा धरला त उलटाच धरला." मग ते उठून उभे राहिले. आवाज शांत होता, पण हात जोडलेले नव्हते. "अन् तिची परीक्षा हाये अकोल्याले. आदी ते देऊ द्या."

बाबांना इतक्या माणसांत असं बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मला रडूही आलं आणि ओरडावंसंही वाटलं. पाहुणे चहा न घेता गेले. काका पुढे कितीतरी दिवस आमच्या घरी आले नाहीत, आणि टकलावरचा निळा डाग दिसतो म्हणून गावातही टोपी घालून फिरले, असं आई सांगते.

परीक्षा मी दिली. अकोल्याचं ऊन, वर्गातला पंखा नावालाच. पहिल्या पेपरला निब जराशी फाकलेली होती, अक्षर जाड येत होतं, पण ती थांबली नाही आणि मीही थांबले नाही. निकाल चांगला लागला. यथावकाश जिल्हा परिषदेच्या शाळेची ऑर्डर आली; गाव अकोटच्या पुढे.

रुजू व्हायच्या दिवशी बाबा हट्टाने सोबत आले. एस.टी.त शेजारच्या म्हाताऱ्याने त्यांना विचारलं, "पोरीले कॉलेजात टाकाले चालले काय?"

"नाही," बाबा म्हणाले. "ते शिकत नाही आता. शिकवते. मास्तरीन हाये."

हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की पुढच्या सीटवरची बाई मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मी लाजून खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं. अकोट येईपर्यंत बाबांनी ते कंडक्टरला सांगितलं, शेंगदाणेवाल्याला सांगितलं, कुणी काही विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं. मी एकदाही त्यांना गप्प केलं नाही.