लाइट गेली तरी वाजणारी शिट्टी

आधी मी फ्रिजला दोष दिला. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो नवाच आला होता, आणि नव्या वस्तूवर आधी संशय घ्यायचा ही माझी जुनी खोड. शाळेतून येऊन चहा घेऊन बसले की एक बारीक शिट्टी ऐकू यायची, न थांबणारी. फ्रिजचा प्लग काढला, शिट्टी चालूच. मग ट्यूबलाइटचा चोक झाला, खालची पाण्याची मोटर झाली, रस्त्यापलीकडची डीपी झाली. वायरमनला बोलावलं, तर तो डीपीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "ताई, एवढ्या लांब नाही येत तिचा आवाज." मग चहा पिऊन निघून गेला.

त्या वर्षांत लोडशेडिंगने सगळ्यांचा जीव नकोसा केला होता. एका रविवारी दुपारी लाइट गेली. पंखा बंद, मोटर बंद, अख्ख्या बिल्डिंगचे टीव्ही बंद. लोक वैतागून गॅलरीत आले. मला मात्र बरं वाटलं, म्हटलं आता चोर सापडेल. सापडला. शिट्टी माझ्याच डोक्यात होती, डाव्या बाजूला जरा जास्त. मी खुर्चीतून उठले नाही. मला मावशी आठवली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आमचं मूळ हरसूलकडच्या डोंगरातलं, भात आणि नागली पिकवणारं. त्या घरातून शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी मी. मावशीला 'आवाज येतात' एवढंच लहानपणी कानावर होतं. सासरच्यांनी तिला परत माहेरी आणून घातली होती. पडवीच्या खांबाला गुराच्या दाव्याने बांधलेली तिला मी पाहिली आहे. ती दोन्ही तळहात कानांवर दाबून झुलत बसायची. आम्ही पोरं तिच्या समोरून जायचं टाळायचो. मी डी.एड. करत असताना ती गेली, आणि त्यानंतर आईच्या तोंडून तिचा विषय कधी निघाला नाही. आता आवाज मला यायला लागले होते.

कुणाला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. बाईंना वेड लागलंय ही बातमी शाळेत पसरायला एक मधली सुट्टी पुरते, आणि आईला कळलं असतं तर तिने हायच खाल्ली असती. कान दुखतोय असं खोटं सांगून लसणाचं तेल घातलं. जवळच्याच एका डॉक्टरने मळ काढला, गोळ्या दिल्या. शिट्टी येते हे त्यालाही सांगितलं नाही, मग तो बिचारा कसलं औषध देणार?

वर्गात बरं असायचं. पोरांच्या गोंगाटात शिट्टी बुडून जायची. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये एकटी बसले की ती पुन्हा कान पोखरायची. बाकीच्या बाया ऑफ तासासाठी हमरीतुमरीवर यायच्या आणि मी माझा ऑफ तास खुशाल दुसरीला देऊन टाकायचे. "बाई किती समजूतदार!" असं त्या म्हणायच्या. समजूतदार कसली, मी पळत होते. घरी मात्र उलटं करायचे. शांतता मिळाली तर बरं वाटेल अशी माझी समजूत. खिडक्या लावायचे, कानांत कापसाचे बोळे घालायचे, टीव्ही बंद करायचे. जितकं बंद करावं तितकी शिट्टी मोठी व्हायची. झोप मोडायची ती मोडायचीच. सकाळी डबे भरताना हात जड व्हायचे, फळ्यावर लिहिताना मधेच काय लिहितेय ते विसरायचे. कुठलंही काम न करता माणूस एवढा दमू शकतो हे मला तेव्हा कळलं.

त्यात पंख्याचं भांडण. आमचे हे तोफखान्यात होते. नोकरीतली बरीच वर्षं देवळाली कॅम्पात गेली, निवृत्त झाल्यावर एका बँकेत गार्ड म्हणून लागले. माणूस सरळ, पण पंख्याच्या बाबतीत हट्टी. नाशिकच्या थंडीत, जेव्हा द्राक्षवाले बागांमधून शेकोट्या पेटवतात, तेव्हाही यांना डोक्यावर पंखा हवा. मी दोन गोधड्या घेऊन कुडकुडायचे आणि हे मजेत घोरायचे. लग्न झाल्यापासून यावरून आमची किती वेळा जुंपली असेल, देव जाणे. आता मला शांतता हवी होती, म्हणून मी बटण बंद करायचे आणि हे उठून पुन्हा चालू करायचे.

अशाच एका दुपारी पुन्हा लाइट गेली. हे लाइट गेली की घरात थांबत नसत, कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन बसत. त्या दिवशी ऊन फार होतं म्हणून थांबले आणि वर्तमानपत्राने वारा घेत, चिडचिड करत येरझाऱ्या घालायला लागले. मी इतकी दमले होते की लपवायचंही त्राण उरलं नव्हतं.

"अहो, माझ्या डोक्यात शिट्टी वाजते," मी म्हणाले. "सारखी. दोन वर्षं होत आली."

"कशी?" यांनी विचारलं.

"कशी म्हणजे?"

"पूर्वी टीव्हीवरचे कार्यक्रम संपले की टूं वाजत राहायचं, तशी?"

"हो. तशीच."

"मग ती असतेच की. सगळ्यांनाच असते."

"सगळ्यांना नसते, अहो."

वर्तमानपत्र थांबलं. "नसते?"

"नाही."

"मग शांत असलं की बाकीच्यांना काय ऐकू येतं?"

"काही नाही."

"काहीच नाही?" यांचा विश्वासच बसेना. मग खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. रिक्रूट असताना पहिल्या फायरिंगनंतर कान वाजायला लागले. कापसाचे बोळे घालूनही वाजले. ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादांना सांगितलं, तर ते म्हणाले, "सबका बजता है." यांनी ते शब्दशः घेतलं. सबका म्हणजे सगळ्या जगाचा. पंखा असला की ऐकू येत नाही, म्हणून पंखा. लाइट गेली की टपरी.

मला हसू फुटलं. हसता हसता रडायला लागले आणि मग रागही आला, कारण इतक्या हिवाळ्यांच्या थंडीचा हिशोब कुणाकडे मागायचा? "मग सांगायचं नाही का एकदा?" मी ओरडले. "काय सांगायचं?" हे म्हणाले. "श्वास घेतो हे कुणी सांगतं का?"

मग आम्ही जोडीने कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून, कानाला हेडफोन लावून बारीक बारीक आवाज ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचं. यांनी निम्म्या वेळा दाबलंच नाही. माझी डाव्या कानाची नस कमजोर झाली होती. डॉक्टर आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांना मी पहिला प्रश्न विचारला तो दोन वर्षं गिळून ठेवलेला, हे वेडाचं लक्षण आहे का?

"नाही हो," त्या म्हणाल्या. "कानातून कमी आवाज पोचायला लागला की मेंदू आपल्याकडून भर घालतो. गुडघे दुखतात तशी ही कानाची तक्रार."

"मग बरी होईल?"

"आवाज कदाचित राहील. त्याचा जाच कमी होईल. पण शांतता शोधत फिरू नका. खोलीत हलकासा काहीतरी आवाज असू द्या, पंखा म्हणा, रेडिओ म्हणा. आणि कानात बोळे घालणं बंद करा आधी."

जाच कसा कमी होणार हे मला पटत नव्हतं. तेव्हा यांनी कॅम्पातल्या क्वार्टरची आठवण काढली. नवीन लग्न होऊन तिथे राहायला गेले तेव्हा तोफा सुटल्या की फडताळातली भांडी वाजायची आणि मी दचकून ओट्याला धरायचे. वर्षभरात असं झालं की पाहुणे दचकायचे आणि मी विचारायचे, काय झालं? तोफा तेवढ्याच जोरात उडत होत्या. डॉक्टर म्हणाल्या, हेच, फक्त याला जरा जास्त वेळ लागतो.

लागला. मी खिडक्या उघडल्या, उशाशी रेडिओ हळू लावून झोपायला लागले, पंख्याला शरण गेले आणि तिसरी गोधडी शिवून घेतली. यांनी कानाला मशीन लावलं, त्याने यांची शिट्टीही जरा मागे हटली. चमत्कार काही झाला नाही. सर्दी झाली, पेपर तपासायचे ढीग पडले, झोप कमी झाली की ती आजही उसळते. पण मधले तासच्या तास तिची आठवण येत नाही. मी अजून दमलेलीच असते, पण बाकीच्या बायका दमतात तेवढीच.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आईकडे गेले. आई पडवीत सूप घेऊन नागली पाखडत होती. तिच्या शेजारी बसून मी विचारलं, "आई, मावशीला काय ऐकू यायचं?"

"मेलेल्या मानसाचं आता कशाला काढते?"

"सांग ना. माणसं बोलायची का तिच्याशी?"

"मानसं कशाची? किडा. कानात रातकिडा शिरलाय म्हनायची. किर्र करतो, ऱ्हातच नाय म्हनायची." आईने सूप खाली ठेवलं. "भगतानं मंतर टाकून, कानाला नळी लावून काढला ना तो. काळा, एवढुसा, थाळीत पडलेला समद्यांनी पाहिला. तरी बी म्हनायची, हायच. मंग सासरचे बोलले, काढलेला किडा हिला ऐकू येतो, ही येडी झाली."

उस्तादांच्या तीन शब्दांवर आमचे हे पेन्शनीपर्यंत ताठ मानेने नोकरी करून आले, आणि तीच शिट्टी मावशीला ऐकू आली तर तिच्या पायाला दावं. राग कुणावर काढायचा तेही कळेना. नळीत किडा लपवून आणणारा भगत मेला होता, सासरचेही मेले होते.

"आई, माझ्या कानात पण आहे," मी म्हणाले.

आईने आधी अंगणात कुणी आहे का ते पाहिलं. मग हळूच विचारलं, "जावईबापूंना म्हाईत हाय?"

"त्यांच्या पण कानात आहे."

मी तिला समजेल तसं सांगितलं, की किडा नसतो, नस थकलेली असते, लय लोकांना होतं, वेड वगैरे काही नसतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग लुगड्याला हात पुसले, सरकून जवळ आली, माझे केस मागे सारले आणि माझ्या डाव्या कानाला आपला कान लावला. श्वास रोखून बराच वेळ तशीच राहिली.

"मला तं काय ऐकू येत नाय," ती म्हणाली.

"दुसऱ्याला नाही येत, आई."

तिने कान काढला नाही. तिचा हात माझ्या डोक्यावरच होता.

"भगत नळी लावत व्हता तवा ती लय वरडत व्हती," आई म्हणाली. "तिचं डोकं मीच धरलं व्हतं."