नावाडिणीचा डाव

काटेवाल्याचं दुकान रविवारी बंद, पण ते फक्त शटरपुरतं. आत दुपारी चारला खेळ बसायचा. वजनकाटे दुरुस्त करणारा हा माणूस आठवडाभर अर्ध्या ग्रॅमसाठी गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायचा आणि रविवारी मात्र नसलेल्या नदीकाठच्या नसलेल्या गावात रमायचा. खेळ साधा होता. प्रत्येकाने एक माणूस व्हायचं, त्याचा स्वभाव कागदावर लिहायचा, आणि सूत्रधाराने संकट सांगितलं की त्या माणसाच्या तोंडाने बोलायचं. सूत्रधार अर्थात काटेवाला. बायकोचा धाकटा भाऊ शाळेत ड्रॉइंग मास्तर, खेळात चोर. शेजारच्या औषधवालीला सगळे म्हणाले, "तू वैद्य हो," तर ती म्हणाली, "आठवडाभर तेच करते की!" म्हणून ती पहारेकरीण झाली. आणि बायको नावाडीण.

बायको जाऊन आठ महिने झाले. नावाडीण मात्र गेली नाही.

टेबलाचा जुना नियमच होता. कुणी आलं नाही, तर त्याच्या पात्राला हो-नाहीचा प्रश्न विचारायचा आणि फासा टाकायचा. सम आला तर हो, विषम आला तर नाही. सर्दी-पडशाच्या दिवसांसाठी केलेला नियम हो! मरणाचं कुणाच्या डोक्यात होतं?

पण फासा चुकेचना. नावाडीण पुलावरून जाईल का? नाही. बायको पुलाला आयुष्यभर घाबरायची, रिक्षातसुद्धा डोळे मिटून घ्यायची. चोराला फुकटात पलीकडे नेईल का? हो, भाऊच तो. दर रविवारी हेच. औषधवाली फासा पडताना खिडकीबाहेर बघू लागली. बायकोच्या खुर्चीवरच्या उशीला मधोमध खळगा पडला होता, तोही तसाच. एकदा औषधवालीने उशी झटकायला हात घातला, तर काटेवाला केवढ्यांदा खेकसला तिच्यावर. त्याचं एवढंच म्हणणं होतं, की रविवारी चार ते सहा बायको येते. बाकीचा आठवडा तो या दोन तासांवर काढायचा.

शेवटी मास्तर तडकला. "दाजी, याला रोलप्लेइंग गेम म्हणतच नाहीत. फासे सापशिडीतही असतात. कागदावर स्वभाव लिहिला म्हणून भूमिका होते का? आतून कुणीतरी ठरवावं लागतं. इथे कोण ठरवतंय?"

"ती ठरवते."

"ताई?"

"नावाडीण. पात्राच्या मनासारखं झालं की झाली भूमिका. कुणाच्या हातून झालं, याला काय महत्त्व आहे?"

"अहो, तो लाकडाचा तुकडा आहे!"

"हळू बोला ना," औषधवाली म्हणाली. कुणाला ऐकू जाईल म्हणून, ते तिने सांगितलं नाही.

काटेवाल्याने पेलाभर पाणी आणलं आणि फासा त्यात सोडला. बोटाने दहादा बुडवला, कधी ही बाजू वर आली, कधी ती. "बघ. एकही बाजू जड नाही. फासा सच्चा आहे. आता बोल."

मास्तरने पेला त्याच्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "ठीक आहे. तीच ठरवते ना? मग विचारा तिला, अजून खेळायचंय का."

आठ महिन्यांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. काटेवाल्याने फासा पुसला आणि टाकला. एक. म्हणजे नाही.

"टेबल हललं," तो म्हणाला. मास्तरने दोन्ही हात वर धरले. काटेवाल्याने पुन्हा टाकला. तीन. मग त्याने नाजूक वजनांसाठीच्या काट्याची काचेची पेटी उघडली, जिथे वारासुद्धा शिरत नाही, आणि पारड्यात फासा सोडला. फासा गरकन फिरून थांबला. एक.

"लाकूड आहे ते! त्याला काय कळतंय!" काटेवाला ओरडला.

मास्तरचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दाजी, आता तुम्ही असं म्हणू नका," तो म्हणाला. "जाऊ द्या तिला."

काटेवाला मटकन बसला. लाकूड म्हणावं, तर आठ महिने तो लाकडाशी बोलत होता. ती म्हणावी, तर ती नको म्हणत होती. तडजोडीला अर्ध्या ग्रॅमचीही जागा नव्हती. त्याने नावाडिणीचा कागद ओढला आणि खाली लिहिलं: होडी काठाला लावली. उतरली. अक्षर फार वाकडं आलं.

पेन खाली ठेवलं, तेव्हा औषधवालीने त्याचा दंड घट्ट धरला. समोरच्या खुर्चीवरच्या उशीचा खळगा हळूहळू भरत होता, वर वर येत होता, कुणी बसलेलं उठावं तसा. तिघेही हलले नाहीत. उशी सपाट झाली.

काटेवाल्याचे डोळे वाहत होते. तो रिकाम्या खुर्चीला म्हणाला, "सावकाश जा गं. वाटेत पूल लागला तर डोळे मिटून घे."