हरकतीचा अर्ज आणि भीमेचे मूळ

इंदापूरच्या तहसील कचेरीसमोर, लिंबाखालच्या टेबलाशी बसून मी आजवरचे आयुष्य लोकांचे अर्ज लिहिण्यात घालविले. माझे शिक्षण अकरावी अर्धवट, हे मी लपवीत नाही. परंतु माझ्या हातचा एकही अर्ज भाषेच्या कारणाने परत आलेला नाही, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच यंदा माझ्या हातून जे घडले, त्याचा संताप मला अद्याप आवरत नाही.

पाच-सहा पालक टेबलाशी आले. शाळेतील नववीच्या मुलामुलींना तीन दिवसांच्या शिबिरासाठी भीमाशंकरच्या जंगलात नेणार होते, त्याला त्यांची हरकत होती.

"पोरींचं रानात काय काम?" एक बाई म्हणाल्या. "हिंडायचंच हाय तर वॉटर पार्क काय वाईट हाय?"

त्यांच्या मागचे गृहस्थ म्हणाले, "तात्या, असं लिवा की वाचून हेडमास्तरला घाम फुटला पायजे."

मी लिहिले. 'सदर शिबिर विद्यार्थिनींच्या जीवितास धोकादायक असून, अनुचित प्रकार घडल्यास संपूर्ण जबाबदारी आपणावर राहील.' माझी मुलगी त्याच शाळेत, त्याच वर्गात शिकते. ती जाणार असेल, असे माझ्या मनातही आले नाही आणि मी तिला विचारलेही नाही. अर्जदार सांगेल ते लिहावे, आपले मत मध्ये घालू नये, हा धंद्याचा नियम मी त्या दिवशीही पाळला. त्या नियमाला आग लागो.

चौथ्या दिवशी लेक घरी आली ती दप्तर न उतरविताच माझ्यापुढे उभी राहिली.

"अण्णा, शिबिर रद्द झालं."

"बरं झालं की."

"माझं नाव व्हतं त्यात. आईनं सही दिलीवती." तिने आईच्या मोबाईलवर आलेला अर्जाचा फोटो माझ्यापुढे धरला. "आन् ह्ये अक्षर कुणाचं हाय?"

अक्षर माझे होते. त्याखाली पालकांच्या सह्या होत्या आणि पहिलीच सही पाहून माझे डोके भडकले. ती माझ्या जिवलग मित्राची होती. तो टेबलाशी आलेला नव्हता. सह्या मागाहून गोळा केल्या असाव्यात. त्याची मुलगीही याच वर्गात आहे. भिगवणला त्याचे मासळीचे दुकान आहे आणि त्याच्या घरचा ईदचा शिरखुर्मा मी आजवर कधी चुकविलेला नाही. दुसऱ्या कोणी सही केली असती तर मी गिळून टाकले असते. याने करावी?

कारण सतरा वर्षांचे असताना आम्ही दोघेच त्या जंगलात गेलो होतो, आणि तेही पायी.

त्या एप्रिलात, अकरावीची परीक्षा तोंडावर असताना, उजनी धरणाचे पाणी उतरले होते. पळसदेवच्या जुन्या देवळाच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. समोरच्या चिखलात माझ्या आजोबांच्या घराचा पाया उघडा पडला होता. मित्र म्हणाला, "लेका, तुमचं घर बुडवलं, त्ये पाणी येतं तरी कुठनं?" दुसऱ्या दिवशी आम्ही घरी खोटे सांगून नदीच्या काठाने वर चालू लागलो. जिथे दुसरी नदी येऊन मिळे, तिथे खरी भीमा कोणती हे गुराख्यांना विचारायचे. कोणी भाकरी देई, कोणी कुत्रे सोडी. आठ-नऊ दिवसांनी जंगल लागले आणि तिथे वाट चुकली. एक दिवस करवंदांवर काढला. मित्राची चप्पल तुटली. तो एका ओलसर खडकावर बसून चक्क रडू लागला; मीही शेजारी टेकलो.

तेवढ्यात झाडीतून एक बाई आली, डोक्यावर हिरड्यांची पाटी घेतलेली.

"काय रं, वाट हुडकताय का मरान?"

"भीमेचं मूळ," मी म्हणालो.

ती पाटी सावरीत हसली. "मग उठा तिच्यावरनं. ही बुडाखालची वल कुणाची हाय?"

तिने आम्हाला वनखात्याच्या चौकीपर्यंत आणून सोडले. तिथल्या रखवालदाराने दरडावून कागद पुढे टाकला. परवानगीवाचून जंगलात का शिरलात, ते लिहा. मित्राने कागद माझ्याकडे सरकविला, म्हणून दोघांचेही मीच लिहिले. 'आमचे गाव बुडविणारे पाणी कोठून येते, हे पाहणे.' रखवालदाराने ते दोनदा वाचले आणि तो म्हणाला, "पोरा, कचेरीपुढं टेबल टाक. उपाशी मरायचा न्हाईस." अकरावी त्या वाटेवर राहिली, धंदा त्या वाटेवर मिळाला. आजही कोणी तक्रार सांगू लागला, की मी आधी विचारतो, याचे मूळ कुठे आहे? ही सवय मला कोणत्याही शाळेने लावलेली नाही.

आणि मीच त्या जंगलाला 'जीवितास धोकादायक' लिहून दिले!

मी भिगवण गाठले. मित्र चिलापी मासे साफ करीत होता.

"सही का केलीस?"

"बायको म्हणली कर, केली. आन् लिवलं कुणी? तूच की."

"माझा त्यो धंदा हाय."

"माझी ती लेक हाय."

"आन् आपुन गेलो तवा?"

"आपुन पोरं व्हतो, पोरी न्हवं, वकीलसाहेब."

"पोरं व्हतो म्हणून वाट घावली का? वाट बाईनं दावली. ती एकटी व्हती, डोक्यावर वझं व्हतं. आन् रडत कोण व्हतं?"

गिऱ्हाईक हसू लागले. त्याने सुरी खाली ठेवली. "रडत नव्हतो," तो हळूच म्हणाला, "चप्पल तुटलीवती." मग हात धुऊन तो माझ्यासोबत शाळेकडे निघाला.

अर्ज मागे घेतो, शिबिर होऊ द्या, हे आमचे म्हणणे मुख्याध्यापकांनी ऐकून घेतले आणि फाईल उघडून माझाच अर्ज मला दाखविला. "तुम्ही आता मागं घ्याल हो. पण 'जीवितास धोका' हे फाईलला लागलंय. उद्या कुणाचा पाय मुरगळला तरी मी फासावर. इतकं चांगलं लिहायला तुम्हाला सांगितलं कुणी होतं?"

मुलांच्या हाती दिवसभर मोबाईल देताना ज्यांना धोका दिसत नाही, त्यांना झाडांत तो दिसतो, आणि त्यांच्या भीतीला शुद्ध भाषेत नटवून देणारा माझ्यासारखा माणूस कचेरीपुढे हजर असतो.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे मित्र आपापल्या लेकींना घेऊन एसटीने भीमाशंकरला निघालो. शेवटचे अंतर पायी होते. मुली पुढे चालत होत्या; आम्ही दोघे दर वळणावर दम खात होतो. चौकी आता पक्की बांधलेली आहे आणि वाटेवर आडवा बांबू आहे. तरुण वनरक्षकाने वही पुढे केली. नाव, गाव, येण्याचे कारण.

सवयीने मी खिशातले पेन काढले. लेकीने ते माझ्या हातातून घेतले आणि वहीवर वाकून लिहिले, 'कारण: वडिलांनी शिबिर बंद पाडले, म्हणून आम्ही स्वतः आलो.'

मित्राच्या लेकीने त्याखाली सही केली. वनरक्षकाने ते वाचले, आम्हा दोघांकडे पाहिले, आणि बांबू वर उचलला.